तांबूच्या रक्ताचा कागद

तांबूच्या रक्ततपासणीचा कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून डॉक्टरबाईंनी तो स्टेथोस्कोपखाली दाबून ठेवला होता. गोव्यातल्या डिचोलीच्या त्या दवाखान्यात फिनाईलचा, ओल्या केसांचा आणि भिंतीपलीकडे बांधलेल्या म्हशीच्या शेणाचा वास एकत्र भरून राहिला होता. तांबू आमच्या वाड्यावरच जन्मला. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून सगळ्यांच्याच सोप्यावर झोपतो. टेबलावर उभा केल्यावर मागचे पाय थरथरवीत तो माझ्या पदराकडे तोंड करून राहिला. काही आठवड्यांपासून तो जिथे बसे तिथे रक्ताचे ठिपके पडत होते. डॉक्टरबाईंनी गाठीचा ठसा काचपट्टीवर घेतला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि गोल पेशींच्या आतले रिकामे बुडबुडे पाहून निदान तिथल्या तिथे सांगितले होते: टीव्हीटी, म्हणजे कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा कर्करोग. औषध आहे, बहुतेक कुत्री त्याने बरी होतात, पण प्रत्येक इंजेक्शनाआधी रक्त मोजावे लागते. त्या मोजणीचा कागद आता आला होता, आणि त्यावर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे वर तोंड केलेला ठळक बाण छापलेला होता. मी त्यावर बोट ठेवले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘आपल्या वाड्यावरच्या कुत्र्यांत हे एवढं असतंच, काकी. पांढऱ्या पेशी एकंदरीत बऱ्या आहेत. आज इंजेक्शन देऊया.’’

त्यांचे म्हणणे खरे होते, आणि त्यांच्या हाताची मला खात्री होती. तरीही ‘असतंच’ म्हणताना त्यांच्या स्वरात जी सवय होती ती माझ्याबरोबर घरी आली आणि पुष्कळ दिवस गेली नाही.

कागदाच्या उजव्या कडेला जो रकाना असतो, त्यात प्रत्येक गोष्ट किती असायला हवी ते लिहिलेले असते. ते आकडे कुणीतरी कुठेतरी निरोगी प्राणी गोळा करून, त्यांचे रक्त काढून ठरवलेले असतात. त्याची रीत अशी आहे की शक्य असेल तर किमान 120 निरोगी जीव घ्यावेत, त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडावेत, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यावेत आणि मधल्या 95 टक्क्यांना मर्यादा म्हणावे. याचा अर्थ पूर्ण धडधाकट असलेल्या शंभर जिवांतले पाच जण केवळ हिशेबाच्या रीतीमुळेच त्या मर्यादेबाहेर पडतात. शिवाय ते निरोगी जीव कोण होते यावर सगळे अवलंबून असते. शर्यतीसाठी पैदास केलेल्या ग्रेहाउंड कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा इतर कुत्र्यांपेक्षा बराच अधिक असतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी असतात. तो आजारी नसतो, तो तसाच असतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या मर्यादा बांधण्यात आल्या. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीत प्लेटलेट मोठ्या आणि मोजक्या असतात, तेही मोजून ठरलेले आहे. ज्या कुत्र्यांना मालक आहेत, वंशावळ आहे, किंमत आहे, त्यांच्या देहाचा हिशेब असा कसोशीने झाला. पावसाळ्यात चिखलात निजणाऱ्या, मासळीबाजाराच्या मागच्या गटारावर वाढलेल्या, चार पिढ्यांपूर्वीचा बाप कुणालाच ठाऊक नसलेल्या तांबूचा रकाना मात्र दुसऱ्याच कुणाच्या देहावरून काढलेला आहे.

मग इओसिनोफिल वाढलेले असणे ही आमच्या कुत्र्यांची प्रकृती समजायची की आमच्या कुत्र्यांचे दुखणे? या पेशी वाढतात त्या बहुधा जंतांमुळे, गोचिडांपिसवांच्या चाव्यांमुळे किंवा ॲलर्जीमुळे. अंकुशकृमी आमच्या मातीत आहेत, हृदयात राहणारे कृमी डासांच्या वाटेने येतात, आणि गोचीड तर तांबूच्या कानाच्या पाळीत बारमाही मुक्कामाला असते. वाड्यावरची शंभर कुत्री मोजली आणि नव्वदांत हा आकडा चढलेला निघाला, तर चढलेला आकडा हाच नेहमीचा ठरेल, आणि तरीही त्या नव्वदांच्या आतड्यात रक्त पिणारा जंत असू शकेलच. डॉक्टरबाईंना हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे. त्यांच्यासमोर रांगेत आणखी जनावरे होती, आणि ज्या दुखण्याने तांबूचे रक्त जात होते ते त्यांनी धरले होते. पण जे सगळ्यांनाच असते ते कुणालाच झालेले नाही असे मानण्याची सवय माणसाला फार लवकर लागते. कुत्र्यांच्या बाबतीत ती लागली की बायकांच्या अशक्तपणाच्या बाबतीतही लागते, हे मी आमच्याच घरात माझ्या आजीच्या पिवळट नखांत पाहिलेले आहे. तिला कधीच कुणी आजारी म्हटले नाही, कारण शेजारणींची नखेही तशीच होती.

त्या दवाखान्याच्या बाकावर बसून वाट पाहताना मला पशुवैद्याच्या कामाचे पहिल्यांदा खरे नवल वाटले. माणसांच्या डॉक्टरला एकाच देहाची भाषा शिकावी लागते. इथे सकाळी म्हैस, मग बोकड, मग मांजर, मग तांबू, आणि प्रत्येकाचे रक्त वेगळ्या रीतीने बोलते. माणसाच्या शरीरात सूज असली की सीआरपी नावाचे प्रथिन वाढते, ते कुत्र्यातही वाढते, पण मांजरात त्याचा उपयोग नाही. तिथे सीरम अमायलॉइड ए पाहावे लागते, आणि गाईत हॅप्टोग्लोबिन. यकृताला इजा झाली की माणसात आणि कुत्र्यात एएलटी नावाचे विकर रक्तात चढते, तर गाईच्या आणि घोड्याच्या यकृतात ते मुळातच इतके थोडे असते की त्यावरून काही ठरवता येत नाही. मांजराला पिशवीतून दवाखान्यात आणले, एवढ्या धसक्यानेही त्याच्या रक्तातली साखर मधुमेह झाल्यासारखी चढू शकते, म्हणून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगणारे फ्रुक्टोसामीन मोजून खात्री करतात. हे सारे कुणीतरी जनावरांच्या शेजारी बसून, त्यांच्या आजारात आणि त्यांच्या मरणानंतर पाहिलेले आहे. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकात आग्रहाने मांडले की जनावरांचे वैद्यक आणि माणसांचे वैद्यक यांच्यामध्ये भिंत नाही आणि नसावी. आज ते सगळेच मान्य करतात. मात्र भिंत नसलेल्या त्या घरात कुणाला कुठे झोपायला जागा मिळते हा प्रश्न निराळा आहे.

तांबूला दिलेले औषध व्हिन्क्रिस्टीन. रंगहीन, अगदी थोडे, आणि ते शिरेबाहेर सांडले तर आसपासचे मांस जाळणारे, म्हणून डॉक्टरबाईंनी आधी सुई नीट बसल्याची दोनदा खात्री करून घेतली. कुपीचे खोके मी हातात घेऊन वाचले, आणि घरी आल्यावर तुळशीवृंदावनाच्या कठड्याखाली उगवलेल्या सदाफुलीकडे कितीतरी वेळ पाहत राहिले, कारण हे औषध तिच्यातून निघते. मूळची मादागास्करची ही वनस्पती आमच्याकडे इतकी रुजली आहे की तिला कुणी लावत नाही. पायरीच्या फटीत, स्मशानाच्या गडग्याला, चर्चच्या मागच्या थडग्यांमध्ये ती आपली आपण येते आणि कडक उन्हातही फुलत राहते. माझी मोठी काकू रोज सकाळी अनशापोटी तिची फुले खात असे. तिला साखरेचा आजार होता आणि कुणीतरी सांगितले होते की सदाफुलीने साखर उतरते. फुले चावताना तिचा चेहरा कडू होई, आणि मग ती पाण्याचा घोट घेऊन देवपूजेला बसे. साखर उतरली नाही. तिचे डोळे आधी गेले, मग पाय.

काकूचा समज जगात पुष्कळ ठिकाणी होता. जमैकामध्येही मधुमेही लोक सदाफुलीच्या पानांचा काढा पीत, आणि तिथून 1952 मध्ये 25 पाने कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरकडे आली. त्याने ती आपल्या भावाला, रॉबर्ट नोबलला, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात तपासायला दिली. रॉबर्टने पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखर हलली नाही. मग त्याने अर्क टोचून पाहिला. साखर तरीही हलली नाही, पण उंदीर आठवड्याभरात मरू लागले. प्रयोग साखरेचा होता आणि साखरेपुरते उत्तर मिळाले होते. मेलेले उंदीर बाजूला टाकून वही मिटता आली असती, आणि तसे झाले असते तरी त्याला कुणी दोष दिला नसता. पण तिथल्या माणसांनी ते उंदीर उघडून पाहिले. आत ठिकठिकाणी पू झालेला होता, एरवी धडधाकट उंदराला सहसा काही न करणारे जिवाणू सर्वत्र पसरले होते. मग त्यांनी रक्त मोजले आणि पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या दिसल्या. हाडांतला मगज, जिथे त्या पेशी घडतात, रिता पडला होता. पानांतले काहीतरी पांढऱ्या पेशींची घडण थांबवत होते. आणि रक्ताचा कर्करोग, ल्युकेमिया, म्हणजे पांढऱ्या पेशींची बेसुमार घडण, हे तेव्हाच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक होते.

पुढची कथा रसायनशास्त्राची आहे. चार्ल्स बीअर या रसायनतज्ज्ञाने नोबलबरोबर त्या पानांतून व्हिनब्लास्टीन वेगळे काढले आणि 1958 मध्ये ते जाहीर झाले. एका अमेरिकन औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत ल्युकेमिया झालेल्या उंदरांचे आयुष्य याच वनस्पतीच्या अर्काने वाढताना दिसले, त्यातून व्हिन्क्रिस्टीन हाती आले आणि 1963 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पेशी दोन होताना तिच्या पोटात बारीक दोऱ्यांची जी मांडणी होते, तीच हे औषध होऊ देत नाही, आणि पेशी अर्ध्या वाटेत अडकून मरते. लहान मुलांच्या ल्युकेमियाच्या उपचारात ते आजही दिले जाते, आणि ज्या मुलांच्या आया पूर्वी काही महिन्यांत रिकाम्या हाताने घरी परतत, त्यांतल्या बहुसंख्य मुलांना आता मोठे होता येते.

ओंटारिओतल्या त्या उंदरांच्या मरणाचे कारण म्हणजे पांढऱ्या पेशींची घट. डिचोलीच्या दवाखान्यात प्रत्येक इंजेक्शनाआधी तांबूच्या रक्तात मोजतात तीही हीच. पेशी फार उतरल्या तर त्या आठवड्याचे औषध पुढे ढकलायचे, हा नियम त्या उंदरांनी घालून दिलेला आहे. मला हे कळल्यावर कृतज्ञता वाटली आणि त्याबरोबर एक अस्वस्थताही वाटली, जी कृतज्ञतेने झाकली जात नाही. त्या उंदरांना कुणी विचारले नव्हते. प्रयोगांतले प्राणी शक्य तिथे बदलावेत, संख्या कमी करावी, यातना कमी कराव्यात, हे तत्त्व रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडले. आपल्या देशात 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आली. हे सगळे हवेच आहे. आणि तरीही आमच्या वाड्यावरच्या एखाद्या मुलाला ल्युकेमिया झाला असता तर मी त्या उंदरांचा विचार करायला थांबले नसते, हेही मला ठाऊक आहे. या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांचे भांडण मी मिटवू शकलेले नाही.

तांबूची गाठही एक नवलच आहे. कर्करोग सहसा ज्याच्या देहात जन्मतो त्याच्याबरोबरच संपतो, पण हा तसा नाही. सेंट पीटर्सबर्गच्या नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याने 1876 मध्ये एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवला होता. कर्करोग एका देहातून दुसऱ्या देहात नेऊन वाढवल्याचा तो पहिला यशस्वी प्रयोग, आणि तिथूनच कर्करोगाचा प्रयोगशाळेतला अभ्यास सुरू झाला असे म्हणता येते. पुढे कळले की इथे लागण होते ती विषाणूची नाही, पेशीच एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जातात. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशींत साठाच्या आसपास, कारण त्या पेशी रोगी कुत्र्याच्या नसतातच. हजारो वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी एका कुत्र्याच्या अंगावर ही गाठ उठली, तो कुत्रा मेला, आणि त्याच्या पेशी मीलनातून पुढच्या कुत्र्यात गेल्या, तिथून पुढच्यात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 43 देशांतल्या 546 कुत्र्यांच्या गाठी तपासल्या गेल्या, आणि हिचे वय चार ते साडेआठ हजार वर्षे निघाले. पाचशे वर्षांपूर्वी जहाजांबरोबर ती अमेरिका खंडांत पोहोचली. आमच्या मांडवी नदीच्या मुखाशीही तेव्हा जहाजे लागत होतीच. तांबूच्या देहातून थेंबथेंब रक्त गाळणारी ती गाठ म्हणजे एका फार जुन्या कुत्र्याचा अजून जिवंत असलेला भाग होता, आणि दर आठवड्याला सदाफुलीचे औषध तिला विझवत आणत होते. गाठ आधी फिकी पडली, मग आक्रसली, मग शोधावी लागली. डॉक्टरबाईंनी जंताचे औषधही दिले. इओसिनोफिलचा बाण पुढच्या एका कागदावर दिसला नाही, आणि मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन नीट वाचला.

कुत्र्याच्या देहाकडे पाहण्याची दुसरी बाजू आमच्या पिढीला भीतीतून ठाऊक आहे. माझ्या मधल्या काकाला पिसाळलेला कुत्रा चावला तेव्हा मी शाळेत होते. रोज एक, अशी पोटात चौदा इंजेक्शने. तो बसने जाई आणि पोटावर हात धरून परत येई, आणि आजी त्याच्या पोटाभोवती गरम पाण्यात पिळलेला कपडा ठेवी. ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे, हे मला फार उशिरा कळले. पाश्चरने 1885 मध्ये सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून सुरुवात केली होती; 1911 मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला फिनॉलने विषाणू मारून लस करण्याची रीत बसवली आणि ती भारतात जवळजवळ शतकभर चालली. तिने असंख्य लोक वाचवले, आणि थोड्यांना तिनेच पांगळे केले, कारण परक्या मेंदूच्या अंशाने काही जणांचे शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटत असे. त्या पांगळेपणाचे कारण शोधताना थॉमस रिव्हर्स या अमेरिकन संशोधकाने 1933 मध्ये माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला आणि माकडांच्या मज्जातंतूंवरचे आवरण गळून पडताना पाहिले. मल्टिपल स्क्लेरोसिस या माणसाच्या आजाराचा पुढचा पुष्कळसा अभ्यास त्या माकडांच्या आधारावर उभा आहे. मेंढीच्या मेंदूची लस 2005 पर्यंत आपल्याकडे बंद झाली. काकाच्या पोटावर कुठलाच व्रण राहिला नव्हता. मात्र कुत्रा दिसला की तो आयुष्यभर रस्ता बदलत असे.

आता आमच्या वाड्यावर पोरे जाळी घेऊन येतात, कुत्र्याला अलगद अडकवतात, लस टोचतात, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात आणि सोडून देतात. तांबूच्या कपाळावर तो पट्टा दर वर्षी काही दिवस असतो. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून दरवर्षी सुमारे 95,000 कुत्र्यांना लस दिली, आणि 2013 ते 2019 या काळाचा जो अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला त्यात कुत्र्यांतला रेबीज 92 टक्क्यांनी घटल्याचे आणि माणसांतला राज्यातून हटल्याचे नोंदलेले आहे. लोक लस टोचणाऱ्यांचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला त्या कामाच्या दुसऱ्या टोकाचे अधिक अप्रूप वाटते. संशयास्पद मेलेल्या कुत्र्याचा मेंदू पणजीजवळ टोंक येथल्या पशुसंवर्धन खात्याच्या रोगनिदान विभागात तपासला जातो. मानेमागच्या छिद्रातून मेंदूच्या देठाचा अंश काढायचा, काचेवर पसरायचा, रेबीजच्या विषाणूला चिकटणारी, चमकणारी प्रतिपिंडे त्यावर सोडायची, आणि अंधाऱ्या खोलीत हिरवी चकाकी उमटते का ते पाहायचे. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली नेग्री यांनी 1903 मध्ये दाखवलेले गुलाबी ठिपके शोधत; आता ही चकाकी. ती उमटली की तो कुत्रा कुठे फिरला, कुणाला चावला, आसपासच्या कुठल्या कुत्र्यांना लस द्यायची, याची धावपळ सुरू होते. रस्त्याकडेला मेलेले कुत्रे नगरपालिकेच्या गाडीत टाकणे सोपे असते. कुणीतरी फोन केला, कुणीतरी जाऊन ते उचलले आणि कुणीतरी त्याचे डोके उघडले, म्हणून ते 92 टक्के मोजता आले.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात हेच माकडांच्या बाबतीत घडायला हवे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास लाकडे गोळा करायला रानात जाणारी माणसे तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांना आधी पीतज्वराची शंका आली, कारण तोही माकडांना मारतो. मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांतून निघालेला विषाणू वेगळाच होता, गोचिडांनी वाहिलेला. वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोघांनाही तो मारतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात, आणि तिथून तिळाएवढी पोर-गोचीड वाटसरूच्या पोटरीला लागते. मग एकाएकी ताप, डोके फुटेल अशी वेदना, रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरलेल्या, कधी नाकातोंडातून रक्त. 2015 मध्ये हा माकडताप सत्तरीतल्या पाली गावात आला, पुढच्या वर्षी शेजारच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गात. त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, आणि आमच्या काजूचा हंगामही त्यातच येतो.

सत्तरीतल्या वाळपईच्या पलीकडे माझ्या मामेभावाची काजूची बाग आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे पाऊल टाकले की आंबूस-गोड वासाने डोके जड होते, पायाखाली पाचोळा कुरकुरतो, आणि वाकून बोंडे वेचणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत चिकट झालेले असतात. मी तांबूची हकिगत सांगत होते, तेव्हा भाऊ मध्येच म्हणाला की गेल्या आठवड्यात ओहोळाकडच्या बाजूला एक माकड मरून पडले होते. त्याने काय केले, असे मी विचारले. त्याने आणि गड्याने खड्डा काढून, हळद-कुंकू वाहून, नारळ ठेवून ते पुरले होते. मारुतीचे रूप, उघड्यावर कुजू देणे त्याला बरे वाटले नाही. मला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली, आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला. त्या खड्ड्यात माकडाचे यकृत, प्लीहा, फुप्फुस आणि मेंदू गेले होते, आणि ताप रानात आहे की नाही हे सांगू शकेल असे तेवढेच त्या बागेत होते. उष्ण दिवसांत प्रेत लवकर कुजते आणि मग त्याच्या तुकड्यांतून काही निघत नाही. शिवाय त्याने ते हातमोज्यांशिवाय उचलले होते.

‘‘कळवून काय होतं, बाय?’’ त्याने विचारले. ‘‘माकड मेलं ते मेलं.’’

मी त्याला सांगितले की कळवले असते तर अंगभर पोशाख घातलेली माणसे येऊन त्याचे नमुने घेऊन गेली असती, आसपासच्या पाचोळ्यावर गोचिडी मारणारी पूड टाकली असती, बोंडे वेचणाऱ्या बायकांना अंगाला लावायचे तेल दिले असते, आणि त्यांच्यातल्या कुणाला ताप आला तर डॉक्टरने पहिल्याच दिवशी योग्य तपासणी सांगितली असती. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर ज्याने एक चांगले काम केले आणि ज्याला ते चूक असल्याचे सांगितले जात आहे अशा माणसाचा भाव होता. ते मला सहन झाले नाही. पुरण्यात जी दया होती ती खोटी नव्हती, आणि नमुने घेण्यात जो निर्दयपणा त्याला दिसत होता तोही पूर्ण खोटा नव्हता. मी एवढेच म्हटले की मारुतीच्या त्या पोराचा नमुना घेतला तरी त्याला नंतर हळद-कुंकू वाहायला कुणी अडवले नसते.

संध्याकाळी आम्ही दोघे आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या आरोग्यसेविकेने रागे न भरता वही काढली, बागेचे ठिकाण, ओहोळाचे नाव, पुरल्याची तारीख लिहून घेतली, भावाच्या आणि गड्याच्या अंगाला ताप आहे का ते विचारले, आणि कुणाला पुढच्या दिवसांत ताप आला तर वाट न पाहता यायचे असे दोनदा बजावले. मग तिने विचारले की आसपास आणखी एखादे माकड मेलेले कुणी पाहिले होते का. भाऊ नाही म्हणायला लागला आणि थांबला. गड्याने महिन्यापूर्वी वरच्या अंगाला, जुन्या जांभळीखाली, एक पाहिले होते. वास येत होता म्हणून ते दोघे त्या बाजूला फिरकलेच नव्हते. ते काळ्या तोंडाचे होते की लाल, असे तिने विचारले. भावाने तिथूनच गड्याला फोन लावला.